आठ फुटांची टाकी बांधण्याआधी

दुकानात मिळणाऱ्या फिश टँकमध्ये काच एकटीच तीन कामं करते. पाण्याचा रेटा सोसते, पाणी बाहेर पडू देत नाही आणि आतले मासे दाखवते. दोन-तीन फुटांच्या टाकीत हे तिला सहज झेपतं, म्हणून ही तीन वेगळी कामं आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही. टाकी आठ फुटांची करायची म्हटली की तळ धरून पाचही बाजूंना जाड काच लागते. ती चार माणसांशिवाय हलत नाही. त्यातली मागची आणि खालची काच तर कुणाला काही दाखवतही नसते. मागे काळा कागद चिकटवलेला असतो आणि तळावर वाळू पसरलेली असते. मग त्या काचेचे पैसे कशासाठी मोजायचे? प्लायवूडच्या टाकीची कल्पना या साध्या प्रश्नातून निघते. रेटा प्लायने सोसायचा, पाणी त्याच्यावरच्या आवरणाने अडवायचं आणि दाखवण्याचं काम समोरच्या एका काचेने करायचं.

कामं अशी वाटली की खर्च उतरतो, पण सांधे वाढतात. प्लाय आणि आवरण, आवरण आणि सिलिकॉन, सिलिकॉन आणि काच जिथे एकमेकांना भेटतात तिथे, किंवा पाइपासाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला टाकी गळते. तक्त्याच्या मधोमध गळलेली टाकी विरळाच. प्रत्येक कारागीर आपलं काम चोख करून जातो आणि गळती मात्र दोघांच्या मधल्या जागेत सापडते. म्हणून या पुस्तकात करवत हातात घेण्याआधी कागदावर काय ठरवायचं याला जास्त पानं दिली आहेत. सुतारकाम येणाऱ्या वाचकाला ती पानं कंटाळवाणी वाटतील. वाटू देत.

समोर एक काच आणि बाकी सगळं अपारदर्शक, ही रचना म्हणजे हौशी माणसांनी पैसे वाचवायला काढलेली पळवाट नव्हे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधलं ‘फिश हाउस’ १८५३ साली उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांत टाक्यांचं वेड शिरलं. त्या काळच्या कित्येक टाक्यांना पाठ, बाजू आणि तळ स्लेटच्या दगडाचा आणि काच फक्त पुढे असे. त्यामुळे तळ्यात येतो तसा उजेड वरूनच येई. आपल्याकडे मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी लहानपणी पाहिलं असेल, त्यांना आठवेल की तिथे टाकी अशी दिसतच नसे. भिंतीतली खिडकी दिसे आणि खिडकीपलीकडे मासे. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात व्हेल शार्क ठेवलेल्या टाकीत ७,५०० घनमीटर पाणी आहे. तिची ॲक्रिलिकची खिडकी ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर जाड आहे. तिथेही तत्त्व तेच, जिथून बघायचं तेवढंच पारदर्शक. चारही बाजूंनी निव्वळ काचेची टाकी खरं तर अलीकडची. आपल्या घरांत बरीच वर्षं लोखंडी अँगलच्या चौकटीत पुटीने बसवलेल्या काचा असत आणि त्या चौकटीचा गंज वाळूत उतरे. १९६० च्या दशकात सिलिकॉन आलं, काच काचेला थेट चिकटू लागली आणि चौकट गेली.

तेव्हा प्लायची टाकी ही जुन्याच वाटेने जाणारी गोष्ट आहे. फक्त दगडाच्या किंवा काँक्रीटच्या जागी लाकूड आलं. लाकडाचं आणि पाण्याचं जुनं वैर आहे, आणि पुस्तकातला सगळा खटाटोप त्या वैरापोटी आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पाच फुटांपर्यंतची टाकी हवी असेल तर काचेचीच घ्यावी. तेवढ्या मापात प्लाय, आवरण, फायबर, मजुरी आणि गेलेल्या सुट्ट्या यांचा हिशेब केला तर काहीच वाचत नाही. फायदा दिसू लागतो तो सहा-सात फुटांच्या पुढे. आठ फुटांवर तो भरघोस असतो, कारण प्लायचा तक्ता बाजारात आठ बाय चारचा मिळतो आणि आठ फुटांच्या टाकीत लांबीला कुठेही जोड द्यावा लागत नाही. दुसरा फायदा दाराचा. आठ फुटांची काचेची तयार टाकी तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या वळणावर अडकते. प्लायची टाकी मात्र जिथे राहायची तिथेच बांधता येते, आणि वर चढवायला असतात ते सुटे तक्ते आणि एक काच.

पुस्तकभर एकच टाकी उदाहरणाला धरली आहे, आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट पाण्याची. हे ६० घनफूट, म्हणजे सुमारे १,७०० लिटर पाणी झालं. लिटरला एक किलो या हिशेबाने नुसतं पाणी १,७०० किलो. त्यात प्लाय, काच, वाळू, दगड आणि खालचा स्टँड धरला की आकडा दोन टनांच्या पुढे जातो. हॉलच्या एका भिंतीला तीन छोट्या मोटारी कायमच्या उभ्या कराव्यात, तसं हे आहे.

म्हणून पहिलं प्रकरण प्लायवर नाही, जमिनीवर आहे. राहत्या खोल्यांच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो चल भार धरावा असं भारतीय मानक आयएस ८७५ सांगतं. आपल्या टाकीतलं पाणी दर चौरस मीटरला ७६० किलो भरतं. हे वाचून ‘मग स्लॅब बसलाच म्हणायचा’ असं घाबरणं जितकं चूक, तितकंच ‘आमची बिल्डिंग जुनी आहे, भक्कम आहे’ असं म्हणून मोकळं होणंही चूक. मानकातला भार सगळ्या खोलीभर सारखा पसरलेला धरतात, टाकी मात्र एकाच कडेला असते. खाली बीम आहे का, स्लॅबच्या मुख्य सळ्या कोणत्या दिशेने टाकल्या आहेत, वरच्या बाथरूमच्या गळतीने त्या कुठे गंजल्यात का, यावर खरं उत्तर ठरतं. ते द्यायचा अधिकार स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे. बिल्डरचा नाही, ठेकेदाराचा नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींचाही नाही. आणि गॅलरी बंद करून हॉलला जोडून घेतलेली असेल तर त्या वाढीव जागेत टाकीचा विषयच काढू नये. टाइल्स एकसारख्या बसवल्या म्हणून बाहेर काढलेला स्लॅब आतल्यासारखा होत नाही.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी लगेच निश्चिंत होऊ नये. जोत्यात मुरमाचा भराव टाकताना धुम्मस नीट झाली नसेल तर वर्षा-दोन वर्षांत फरशी एका कोपऱ्यात खचते. टाकी तिकडे कलते, तक्त्यांना पीळ पडतो आणि तो पीळ शेवटी काचेवर येतो. फरशी उचलून खाली काँक्रीटचा थर देण्याचा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरलेला बरा.

जागा ठरली की माप ठरवायचं, आणि इथे बहुतेकांची ओढ चुकीच्या दिशेला असते. सगळ्यांना टाकी उंच हवी असते, कारण ती दिवाणखान्यात रुबाबदार दिसते. पाण्याचा हिशेब सांगतो की रुंदी फुकट आहे आणि उंची महाग. पाण्याचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो. टाकी मागे तीन फूट जावो की तीस फूट, समोरच्या काचेवरचा रेटा तोच राहतो. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ साली हे मांडलं, तरी अजून ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. आता उंचीकडे बघा. आठ फूट लांबीच्या काचेवर दोन फूट पाणी असेल तर एकूण रेटा ४५० किलोच्या आसपास येतो. अडीच फुटांना तो ७०० किलो होतो आणि तीन फुटांना एक टन. अर्ध्या फुटाची हौस दर वेळी अडीचशे-तीनशे किलोंना पडते, आणि काचेची जाडीही वाढत जाते. शिवाय माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत दोन-सव्वादोन फूट असतो. तळाशी पडलेला मेलेला मासा काढायला स्टुलावर चढून काखेपर्यंत भिजावं लागत असेल तर तो दोन-तीन दिवस तिथेच राहतो, हे मी हौशी लोकांच्या घरी पाहिलं आहे. माझं मत स्पष्ट आहे. घरात अडीच फुटांच्या वर जाऊ नये, आणि वाचलेला पैसा रुंदीत घालावा. माशालाही वळायला रुंदी लागते, उंची त्याच्या फारशी कामाची नसते.

आता प्लाय. दुकानदाराला ‘वॉटरप्रूफ आहे का’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’च येतं, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तक्त्यावरचा शिक्का वाचावा. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा प्लाय. तो कपाटाला ठीक, टाकीला नाही. त्याच्या वरचा बीडब्ल्यूआर. हे दोन्ही आयएस ३०३ खाली येतात. आपल्याला हवा तो आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय. त्याचे पापुद्रे फिनॉलच्या गोंदाने जोडलेले असतात आणि ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही सुटणार नाहीत अशी परीक्षा त्याला द्यावी लागते. मात्र ‘मरीन’ या नावाने हुरळून जाऊ नये. पापुद्रे सुटणार नाहीत याची ती हमी. सतत भिजत राहिलेलं लाकूड मात्र कालांतराने कुजतंच. आणखी एक बाब फारसं कुणी सांगत नाही. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून मरीन प्लायवर रसायनांची प्रक्रिया केलेली असते, आणि ती रसायनं पाण्यात उतरणं माशांना परवडणारं नाही. म्हणजे आवरणाचं काम दुहेरी झालं, पाण्यापासून लाकूड वाचवायचं आणि लाकडापासून पाणी.

तक्ते निवडताना एकेक उभा करून बोटांच्या पेरांनी ठोकत जावं. आत पोकळी राहिली असेल तिथे आवाज बदलतो. १८ मिलिमीटर जाडी आपल्या मापाला पुरते, पण ती पुरते ती चौकटीच्या आधाराने. आठ फुटांची मागची भिंत एकटी सोडली तर पाणी भरल्यावर मधोमध तिला पोट सुटतं. म्हणून वरच्या कडेला आडवी मजबुती हवी. सगळ्यात सुबक उपाय म्हणजे वर अख्खा तक्ता बसवून त्याच्या मधे हात जाण्यापुरत्या चौकोनी खिडक्या कापायच्या. बाहेरून उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट देणारे सुतारही आहेत आणि तेही चालतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि त्यांची डोकी तक्त्याच्या आत बुडवून वर लांबी भरावी. साध्या स्क्रूच्या डोक्याला गंज चढला की आवरण तिथूनच फुगून फुटतं.

सगळ्यात मोठं प्रकरण आवरणाचं आहे आणि ते तसंच असायला हवं. या टाकीची खरी टाकी तीच, प्लाय हा तिचा सांगाडा. पर्याय पुष्कळ आहेत. दोन भागांचं इपॉक्सी, इपॉक्सीत भिजवलेलं काचतंतूंचं कापड, आपल्याकडे नुसतं ‘फायबर’ म्हणतात ते पॉलिस्टर रेझिन आणि मॅट, पातळ रबरासारखं लावायचं पॉलियुरेथेन, किंवा तळ्यात अंथरतात ती रबराची चादर. गच्चीसाठी मिळणाऱ्या सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगने प्लायची टाकी लिंपणारेही भेटतात. पाणी भरताना आणि उपसताना तक्ते किंचित वाकतात, सिमेंटला ते वाकणं झेपत नाही, आणि त्यातला चुना पाण्याचा सामू चढवतो. तो मार्ग मी पुस्तकात घेतलेला नाही.

कोकणात राहणाऱ्यांना इथे एक सोय आहे. लाकडी होड्यांना बाहेरून फायबर चढवणारे कारागीर बंदराच्या आसपास सापडतात आणि त्यांचा हात बसलेला असतो. फक्त त्यांना एवढं सांगावं लागतं, की होडीत पाणी बाहेर ठेवायचं असतं आणि इथे आत, म्हणून थर आतल्या बाजूने हवा. आतले कोपरेही काटकोनी राहता कामा नयेत, कारण कापड काटकोनात नीट बसत नाही आणि त्याच्या मागे हवेचा बुडबुडा राहतो. आधी कोपऱ्यात घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई द्यायची आणि मग त्यावरून कापड न्यायचं.

साहित्य आणताना एक घोटाळा नेहमी होतो. सुट्या तंतूंची जी मॅट स्वस्तात मिळते, तिचे तंतू बहुधा अशा चिकटीने धरलेले असतात की ती पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळते, इपॉक्सीत नाही. इपॉक्सी वापरायचं असेल तर विणलेलं कापड घ्यावं. पॉलिस्टर वापरणाऱ्यांसाठी याहून गंभीर सूचना आहे. रेझिनसोबत दुकानातून दोन छोट्या बाटल्या मिळतात, एक जांभळट कोबाल्टची आणि दुसरी हार्डनरची. त्या दोन्ही एकमेकींत थेट मिसळल्या तर पेट घेतात, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि नंतरच हार्डनर घालायचा. बाटल्या घरात ठेवतानाही दूर ठेवाव्यात. पॉलिस्टरचा वास बंद खोलीत दिवसेंदिवस राहतो, तेव्हा त्या काळात लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना घरात ठेवू नये.

ऋतूचाही विचार करायला हवा. पावसाळ्यात प्लाय हवेतला ओलावा धरून ठेवतो, आणि दमट हवेत वाळणाऱ्या इपॉक्सीवर चिकट मेणचट पापुद्रा येतो. तो साबणाच्या पाण्याने धुऊन न काढता पुढचा हात मारला तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. उलट मे महिन्याच्या उन्हाळ्यात डबाभर इपॉक्सी एकदम कालवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून ब्रश बुडवायच्या आत दगड होतं. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत हा काळ महाराष्ट्रात या कामाला सगळ्यात बरा. तक्त्यांच्या कापलेल्या कडांना मात्र सुरुवातीलाच, जोडणीच्याही आधी, पातळ इपॉक्सी पाजून घ्यावं. प्लाय पाणी पितो तो पृष्ठभागातून कमी आणि कडेतून जास्त. पाइपासाठी पाडलेल्या भोकाची आतली कड ही अशीच उघडी कड आहे, आणि घाईत तीच विसरते.

काचेबद्दल थोडक्यात. समोरच्या तक्त्यात खिडकी कापायची आणि काच बाहेरून न लावता आतून बसवायची, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. आपल्या मापाला मी १९ मिलिमीटरची साधी फ्लोट काच धरली आहे. आठ बाय अडीचला ती ८८ किलोंच्या आसपास भरते, म्हणजे ती आणायच्या दिवशी चार धडधाकट माणसं आणि सक्शनचे हातधरे हवेत. टफन्ड काच बलवान असते हे खरं, पण फुटली की एका क्षणात सगळी फुटते. साधी काच बहुतेक वेळा तडा देऊन आधी इशारा देते. सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं घ्यावं. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीनाशक घातलेलं अजिबात नको. आणि तुम्ही निवडलेल्या आवरणाला सिलिकॉन खरंच धरतं का, हे टाकीवर तपासायचं नाही. प्लायच्या उरलेल्या तुकड्यावर तेच आवरण लावा, त्यावर काचेचा तुकडा चिकटवा, आठवडाभर पाण्यात ठेवा आणि मग उपटून पाहा. पॉलियुरेथेनवर सिलिकॉन कधी कधी सोलपटासारखं निघून येतं. एकदा वाळलेल्या सिलिकॉनवर पुन्हा काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. त्यामुळे इथे दुसरी संधी म्हणजे सगळं खरवडून पहिल्यापासून सुरुवात.

गाळणीच्या प्रकरणात मी सम्प, म्हणजे खालच्या टाकीचीच पद्धत घेतली आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्रेट. ही वसाहत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात रिकामी, स्वच्छ टाकी बघत बसणं हीच हौशी माणसाची परीक्षा असते. सम्पचा हिशेब करताना वीज गेल्यावर काय होईल ते आधी बघावं. आपल्या टाकीची पातळी एक इंच उतरली तर ५७ लिटर पाणी खाली येतं. खालच्या टाकीत तेवढी जागा मोकळी नसेल तर ते हॉलमध्ये येतं. भारनियमन ज्यांच्या अंगवळणी पडलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, तरी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून असावा. मुख्य पंप ६० वॉटचा धरला तर महिन्याला ४३ युनिट होतात. बांधताना पैसे वाचतात ते एकदाच, पण बिल येतं ते दर महिन्याला, एवढं ध्यानात ठेवावं.

आणि पाणी. दर आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा म्हटलं तर ४२५ लिटर लागतात, पंधरा लिटरच्या अठ्ठावीस बादल्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला दुकानात मिळणारं अँटीक्लोरिन चालतं. ते बहुधा सोडियम थायोसल्फेटच असतं, जुन्या फोटोग्राफरांचं ‘हायपो’. मासे कमी ठेवले आणि झाडं भरपूर लावली तर बदल कमी लागतो, काढलेलं पाणी बागेला उत्तम. पण ज्या गावात उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा नळ येतो आणि गल्लीत टँकरमागे हंड्यांची रांग लागते, तिथे १,७०० लिटरची शोभेची टाकी बांधू नये. नियमाने ती बंदी नाही. माझी आहे.

खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या टाक्या या पुस्तकात नाहीत. त्यांचं तापमान, मीठ आणि उजेड हा वेगळाच संसार आहे. इथे फक्त गोड्या पाण्यातले मासे आहेत, आणि त्यांचं प्रकरण शेवटी असलं तरी ते सगळ्यांत आधी वाचावं अशी माझी सूचना आहे. मासा ठरल्याशिवाय माप ठरत नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात बोटभर लांबीचा ‘शार्क’ म्हणून जो मासा मिळतो तो शार्क नव्हे, तो पंगस. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तोच. वाढला तर एक मीटरच्या पुढे जातो आणि आठ फुटांच्या टाकीतही त्याला धड पोहता येत नाही. लाल शेपटीच्या कॅटफिशचीही तीच गत. ऑस्करची गोष्ट वेगळी. तो फूटभर होतो, माणूस ओळखतो आणि अशा टाकीत सुखाने राहतो. पण मला विचाराल तर या मापाला सगळ्यात शोभणारा मासा आपल्याच डोंगरातला आहे. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांत राहणारा, अंगावर लाल-काळी रेघ असलेला डेनिसन बार्ब. फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली त्याचं वर्णन केलं आणि २०१३ मध्ये त्याला ‘सह्याद्रिया’ या नव्या प्रजातीत घातलं गेलं. शोभेच्या व्यापारासाठी तो इतका पकडला गेला की आज तो धोक्यात असलेल्या माशांत मोडतो. कृत्रिम पैदास केलेला असेल तरच घ्या, आणि दुकानदाराला तसं विचारून घ्या. पंधरा-वीसांचा थवा आठ फुटांच्या लांबीत वाहत्या पाण्याच्या दिशेने सुटतो तेव्हा टाकी इतकी लांब का केली, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

माशांच्या प्रकरणाच्या अखेरीस टाकी मोडण्याबद्दल दोन पानं आहेत. बदली होते, घर विकलं जातं, हौस सरते. त्या वेळी मोठ्या माशाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो आणि माणसं रात्री बादली घेऊन जवळच्या तळ्यावर जातात. २०२३ च्या मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला. तो तिथे स्वतः पोहत गेलेला नव्हता. शोभेच्या टाक्यांत काच साफ करायला ठेवतात त्या सकर माशांनी देशातल्या अनेक जलाशयांत बस्तान बसवलं आहे आणि उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही ते येऊ लागले आहेत. त्यांच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. तेव्हा मासा घेण्याआधी तो परत घेणारा दुकानदार शोधून ठेवा, तसं त्याच्याकडून कबूल करून घ्या, आणि कितीही अडचण आली तरी टाकीतला मासा नदीत, विहिरीत किंवा तळ्यात सोडू नका.